तोंडात सुपारी धरून

“गुरुजी, डोळं उघडा. बंदर अजून दिसताय!”

दामोदर तांडेल केबिनच्या खिडकीतून ओरडला आणि स्वतःच हसला. मी केबिनच्या बाहेरच्या लोखंडी दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होतो. डोळे मिटलेले होते, हे खरं. बोट खाली गेली की पोट वर यायचं आणि बोट वर आली की पोट कुठे जायचं ते मला कळत नव्हतं.

“उघडलेत,” मी न उघडताच म्हणालो.

“मंग सांगा बगू, माझ्या हातात काय हाय?”

मी एक डोळा किलकिला केला. त्याच्या हातात चहाचा ग्लास होता. माझ्यासाठीच आणला होता, पण तो घ्यायचा तर दांड्याचा एक हात सोडावा लागणार होता. मी मान हलवून नको म्हटलं.

“घाटावरची माणसं!” तांडेल म्हणाला आणि चहा स्वतःच पिऊन टाकला.

मी बार्शीकडचा माणूस. आमच्याकडे पाणी म्हणजे आडातलं, तेही तळाला. नोकरी लागली ती खारवाडा बंदराच्या प्राथमिक शाळेत. तिथे आल्यावर मी समुद्र रोज पाहत होतो, पण लांबून. पोहता येत नव्हतं. शाळेतली पोरं भरतीच्या पाण्यात उड्या मारायची तेव्हा मी काठावरच्या वडाखाली उभा राहून “पुरे रे, या आता” असं ओरडायचो. आणि तोच मी आता एका मासेमारी बोटीवर होतो, कारण दामोदर तांडेलाला नाही म्हणायची मला हिंमत झाली नव्हती.

तो माझ्या खोलीसमोर राहायचा. बोट त्याची स्वतःची नव्हती, मालक वेगळा होता, पण तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान, बोटीवर शब्द त्याचाच. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून तुटलेली होती. गणपतीनंतर एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि ती बोटं माझ्यासमोर धरून म्हणाला, “ही गेल्या साली गेली. मी बोंबलत होतो, थांबव, थांबव. आणि दोरावरचा माणूस मला बगून हसत व्हता. काय म्हणालो ते त्येला कळला नाय. बिचारा नवा नेपाळी. चूक त्याची नाय.”

आमच्या बंदरात बोटींवर बहुतेक खलाशी नेपाळचे. पावसाळा सरला की दूरच्या डोंगरांतून यायचे आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परत जायचे. समुद्र त्यांनीही माझ्यासारखाच मोठेपणी पाहिलेला, पण ते त्यावर चढायचे आणि मी वडाखाली थांबायचो.

“हिंदीत सांगा की त्यांना,” मी म्हणालो होतो.

“माजी हिंदी म्हणजे देवाक काळजी. आणि गुरुजी, माणूस घाबारला की हिंदीतून बोंबलतो काय? तोंडात येल ता आपल्याच भाषेत येल. तुमी तेंना आमच्या बोटीवरचे शब्द शिकवा. यंदा माझ्या बोटीवर कोणाचा बोट जाता कामा नये. आणि माणूस तर नायच नाय.”

जाळ्यांच्या शेडमध्ये मी वर्ग सुरू केला. खलाशी दिवसभर राबून यायचे, तरी मांडी घालून ओळीत बसायचे. त्यांच्यात वयाने मोठा डंबरबहादूर. चाळिशीचा, रुंद, कमी बोलणारा. त्याच्या शेजारी लालबीर, सगळ्या वर्गाला हसवणारा. मी मला येत होतं तसं शिकवलं. दोर हातात घेऊन “दोर” म्हणायचो, ते एका सुरात “दोर!” म्हणायचे. मूठ घट्ट वळून “आवळ” म्हणायचो, ते “आवळ!” म्हणायचे. सोड, ओढ, थांब, वाक, बाजूला. आवाज असा की शेडचे पत्रे थरथरायचे. दिवाळीपर्यंत त्यांना बोटीवरचे सगळे शब्द आले. तांडेल एकदा दारात उभा राहून ऐकत होता. खूश होऊन म्हणाला, “एकदा बोटीवर येवन बगा तुमची शाळा कशी चालताय.”

मी हसून टाळलं. त्याने टाळू दिलं नाही. आणि एका रविवारी पहाटे त्याने मला दंडाला धरून बोटीवर चढवलं.

बंदर दिसेनासं झालं तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर वाटत होती ती मळमळ होती. चहूबाजूंनी नुसतं पाणी, आणि त्याला कुठेच पकडायला काही नाही. माझ्या मनात आलं, इथे बुडालो तर बार्शीला आईला कोण सांगेल आणि काय सांगेल.

“नमस्ते, गुरुजी!” लालबीर जाताजाता ओरडला. बाकीचेही ओरडले, “नमस्ते, गुरुजी!”

मी दांडा न सोडता मान हलवली.

जाळं सोडायची वेळ झाली. केबिनच्या मागे विंच होतं, दोर गुंडाळायचं यंत्र. त्याच्या दोन ड्रमवर दोन जाड दोर गुंडाळलेले, आणि प्रत्येक ड्रमला आवळायचं-सोडायचं एकेक लोखंडी चाक. चाक आवळलं की सुटणारा दोर जागीच थांबायचा. एका चाकावर लालबीर, दुसऱ्यावर एक अबोल माणूस. दोर मागच्या टोकापर्यंत जात होते आणि तिथे दोन मोठ्या फळ्या टांगलेल्या होत्या. लोखंडाच्या पट्ट्या मारलेल्या, दाराएवढ्या. पाण्याखाली या फळ्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात, असं तांडेलाने मला सांगितलं होतं. मागच्या टोकाला डंबरबहादूर उभा होता, जाळं नीट जातंय का पाहत.

जाळं गेलं. मग चाकं सैल झाली आणि फळ्या खाली उतरू लागल्या. लालबीरच्या बाजूची फळी भराभर उतरत होती, दुसरी मागे राहिली होती. बोट तिरकी ओढली जाऊ लागली. माझे पाय घसरले.

“आवळ!” तांडेल केबिनमधून गरजला. “लालबीर, आवळ!”

लालबीरने मान वर केली. चेहरा उजळला. वर्गात उजळायचा तसाच.

“आवळ!” तो खणखणीत म्हणाला.

“आवळ!” बाकीचे सगळे म्हणाले. एका सुरात. आणि त्यांच्यातले दोघे-तिघे माझ्याकडे पाहून हसले, बरोबर म्हटलं ना, गुरुजी, अशा नजरेने.

दोर सुटतच होता. लाटेने ती अर्धवट पाण्यात लोंबकळणारी फळी उचलली आणि बोटीच्या मागच्या कडेवर आणून आपटली. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्या पायाखालचं लाकूड थरारलं. कडेची फळकुटं उडाली. डंबरबहादूरचा हात क्षणभरापूर्वी तिथेच टेकलेला होता. त्याने तो हात स्वतःच्या तोंडासमोर धरला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि खाली सोडला.

तांडेल केबिनमधून झेपावला, लालबीरला बाजूला ढकललं आणि स्वतः चाक फिरवून दोर थांबवला. मग तो लालबीरवर हात उगारून उभा राहिला. लालबीर गोंधळून एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता.

“आवळ?” तो हळूच मला म्हणाला. बरोबर म्हटलं होतं की त्याने.

तांडेलाने हात खाली घेतला. तो माझ्याकडे आला. मला वाटलं, आता हा मला पाण्यात टाकतो. पण त्याचा आवाज बसलेला होता.

“गुरुजी, तेंना सगळा पाठ हाय. एक शब्द चुकत नाय. पण तो शब्द तेंच्या तोंडात हाय. हातात नाय.”

शेडमध्ये मी “आवळ” म्हटल्यावर त्यांनी काय करायचं असायचं? “आवळ” म्हणायचं. तेवढंच. ते त्यांनी आज इमानेइतबारे केलं होतं.

“परत चला,” मी म्हणालो. “तांडेल, बंदरात परत चला. मी उद्यापासून नीट शिकवतो.”

“उद्या?” तांडेलाने मागे पाण्याकडे बोट दाखवलं. “जाळा पाण्यात हाय. ता वर काढायचाय, परत सोडायचाय. तवा आवळ कोणाला म्हणू? तुमाला?”

“मग मी काय करू?”

“शिकवा. जाळा ओढायला अजून येळ हाय. हितंच शिकवा.”

“इथे?” मी दांडा अधिकच घट्ट धरला. “तांडेल, मला इथे उभंच राहता येत नाही.”

“तेंना बी पयल्या दिवशी येत नव्हता.”

असं म्हणून तो केबिनमध्ये गेला. मी त्या दांड्याला धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. खलाशी माझ्यासमोर येऊन बसले होते. शेडमध्ये बसायचे तसे, ओळीत. डंबरबहादूरने मधे जागा ठेवली होती. ती माझी जागा होती. दांड्यापासून चार-पाच पावलं लांब.

मी दांडा सोडला. चालत नाही गेलो. हातापायांवर रांगत गेलो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. कोणी हसलं नाही. लालबीरसुद्धा.

मधोमध बसून मी म्हणालो, “आवळ.”

“आवळ!” सगळे म्हणाले.

“नाही, नाही. म्हणू नका. करा. हाताने करा.” मी विंचच्या चाकाकडे बोट दाखवलं. “आवळ.”

लालबीरने चाकाकडे पाहिलं, हात पुढे केला आणि तोंडाने “आवळ!” म्हटलं. हात तिथेच थांबला. तोंड पुढे धावायचं आणि काम झालं असं समजून हात मागे राहायचा. मी दोनदा, तीनदा प्रयत्न केला. ओठांवर बोट ठेवलं. ते कुजबुजून “आवळ” म्हणू लागले.

मी केबिनकडे पाहिलं. तांडेल खिडकीतून सगळं ऐकत होता. त्याने पानाचा डबा उघडला आणि मूठभर अख्ख्या सुपाऱ्या माझ्याकडे फेकल्या. त्या लाकडावर घरंगळत गेल्या. खलाशांनी पटापट गोळा केल्या.

“दातात धरायला सांगा तेंना,” तो म्हणाला. “बोलला की पडली.”

मी एक सुपारी स्वतःच्या दातांत धरून दाखवली. तोंड उघडलं, सुपारी पडली. मी मान हलवली, असं नाही. लालबीरला ते भलतंच आवडलं. सगळ्यांनी सुपाऱ्या दातांत धरल्या आणि बोटीवर एकदम शांतता झाली. फक्त इंजिन आणि पाणी.

मी लालबीरचे हात धरून चाकावर ठेवले. “आवळ” म्हटलं आणि त्याच्या हातांवर माझे हात ठेवून चाक फिरवलं. “सोड” म्हटलं आणि उलटं फिरवलं. त्या वेळी दोर बाजूच्या खुंट्याला पक्का बांधलेला होता, त्यामुळे चाक मोकळं होतं. मग मी माझे हात काढून घेतले. “आवळ.” त्याने फिरवलं. सुपारी दातांत. मग डंबरबहादूर. मग एकेक करून सगळे. आधी मी शब्दाबरोबर स्वतः करून दाखवायचो, मग नुसता शब्द. मग शब्दांचा क्रम बदलला. मग त्यांना पाठ फिरवून उभं केलं आणि मागून ओरडलो, कारण तांडेल मागूनच ओरडणार होता. “वाक” म्हटलं की सगळे धपकन खाली. “बाजूला” म्हटलं की सगळे उजव्या अंगाला. “थांब” म्हटलं की जिथे पाय तिथे पाय. मग मी शब्द लागोपाठ टाकू लागलो, मधेच थांबून, मधेच दुसरंच काहीतरी बोलून. सोड, सोड, चहा, आवळ. लालबीर चहाला फसला आणि हसू आल्यामुळे त्याची सुपारी पाण्यात गेली. तांडेलाने त्याला दुसरी दिली.

मला आठवतं, त्या वेळात मी कितीतरी वेळा उभा राहिलो, पडलो, परत उभा राहिलो. पण भीती गेली नव्हती. ती तशीच होती. फरक एवढाच की मला तिच्याकडे बघायला वेळ नव्हता.

जाळं वर आलं ते नीट आलं. मासे निवडून झाले. खलाशी मासे निवडतानाही दातांत सुपारी धरून होते, मी सोडा म्हणालो नव्हतो म्हणून. दुपार कलली तसा वारा उठला. लाटांच्या डोक्यावर पांढरं दिसू लागलं. तांडेल आकाशाकडे पाहून म्हणाला, “एकदा सोडू. मंग सरळ घरी.”

“नको,” मी म्हणालो. “तांडेल, वारा बघा.”

“ह्यो वारा नाय गुरुजी. तुमी दांडा धरा.”

मी दांड्याकडे निघालो होतो. खरंच निघालो होतो. पण बोट एकदम बाजूला कलली, मी धावल्यासारखा उलट्या दिशेला गेलो आणि मागच्या बाजूला, जिथे मी अजिबात असायला नको होतं, तिथे जाऊन थांबलो. डंबरबहादूर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. जाळं पाण्यात गेलेलं होतं. दोन्ही फळ्या टांगलेल्या होत्या. लालबीरने चाक सैल केलं.

आणि बाजूने मोठी लाट आली. टांगलेली फळी झोक्यासारखी आत आली, बोटीवर, माझ्या डोक्याच्या दिशेने.

“गुरुजी, वाका!” तांडेल ओरडला.

मी काय केलं ते सांगतो. मी त्या फळीकडे बघत उभा राहिलो आणि म्हणालो, “वाका.”

मोठ्याने म्हणालो. उच्चार स्पष्ट होता. मराठी माझी मायबोली, हा शब्द मला आईच्या मांडीवर असल्यापासून येतो, आणि माझी पाठ वाकली नाही. माझ्या तोंडाने तो शब्द परत केला आणि मी तसाच ताठ उभा.

डंबरबहादूरने मला धरून खाली आदळलं. माझी हनुवटी लाकडावर फुटली. फळी आमच्या दोघांच्या वरून गेली, तिचा वारा माझ्या मानेला लागला. फळी आत आल्यामुळे दोर सैल पडला होता, त्याचं एक वेटोळं लाकडावर येऊन पडलं होतं. मला वाचवायला पुढे टाकलेला डंबरबहादूरचा पाय त्या वेटोळ्यात होता.

हे फक्त मला दिसलं, कारण माझं तोंड लाकडाला लागलेलं होतं आणि तो पाय माझ्या डोळ्यांसमोर होता. तांडेल पाठमोरा होऊन सुकाणू फिरवत होता, पुढची लाट समोरून घ्यायला. लालबीर चाकाशी होता, पण मधे विंच होतं. डंबरबहादूरला स्वतःलाही कळलं नव्हतं. तो माझ्या हनुवटीकडे बघत होता.

फळी परत बाहेर गेली आणि धप्पकन पाण्यात पडली.

दोर ताठ झाला. वेटोळं आवळलं गेलं. डंबरबहादूरचा पाय त्याच्या खालून निघून गेला, तो पाठीवर पडला आणि बोटीच्या कडेकडे घसरू लागला. त्याची बोटं लाकडावर ओरखडे काढत होती. त्याचे डोळे मोठे झाले होते, पण तोंडातून आवाज नव्हता. मी त्याच्या सदऱ्याला हात घातला. सदरा फाटला.

मला ओरडायचं होतं. आवाजच फुटेना. माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस समुद्रात जात होता, आणि तो माझ्यामुळे जात होता, आणि मला एक शब्द उच्चारता येत नव्हता.

मग तो निघाला. कसा, ते माहीत नाही.

“आवळ!”

कोणीच काही बोललं नाही.

त्या क्षणी मी आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरलो. फळीला घाबरलो त्याहून जास्त. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. इंजिनात माझा आवाज बुडाला. सकाळी सगळे एका सुरात ओरडले होते, आणि आता तो सूर यावा म्हणून माझे कान तडफडत होते. कोणीतरी “आवळ” म्हणा रे, एकाने तरी म्हणा. पण बोटीवर कुठूनही आवाज आला नाही. मी डोळे मिटून घेतले. डंबरबहादूरला जाताना मला बघायचं नव्हतं.

बराच वेळ काही झालं नाही. मी डोळे उघडले.

डंबरबहादूर बोटीच्या कडेला अडकून पडला होता. एक गुडघा आत, दुसरा पाय बाहेर, पाण्यावर. दोर तारेसारखा ताठ होता आणि हलत नव्हता. मी मान वळवली. विंचच्या पलीकडे लालबीर चाकावर अख्खा लोंबकळत होता, पाय जमिनीवरून सुटलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. ओठ मिटलेले. तो माझ्याकडे बघत नव्हता, कोणाकडेच बघत नव्हता. त्याला फक्त ते चाक माहीत होतं.

त्याला इतकं आवळायला कोणी सांगितलं, हे तांडेलाला कळलं नव्हतं. चाक आवळलेलं, बोट ओढली जाते आहे, म्हणून त्याने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने इंजिन उलटं चालवून बोट मागे घेतली, दोर सैल झाला. “वडा, वडा त्येला!” तो ओरडत आला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून डंबरबहादूरला आत ओढलं. वेटोळं सोडवायला तांडेलाची तुटकी बोटंसुद्धा लागली.

पाय शाबूत होता. घोट्याभोवतीची कातडी सोलून निघाली होती आणि घोटा बघता बघता टम्म सुजला. हाड मोडलेलं नव्हतं, असं तांडेलाने दाबून पाहून सांगितलं. डंबरबहादूर दाबताना एकदाच कळवळला.

“मी नाय बोललो आवळ,” तांडेल म्हणाला. सगळ्यांकडे बघत. “मला दिसलाच नाय. कोण बोलला?”

लालबीरने माझ्याकडे बोट दाखवलं. बोलला नाही.

“गुरुजी?” तांडेल म्हणाला. “तुमचा आवाज नव्हता तो. मला वाटला बोटीवर कोण नवा माणूस आला.”

मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या हनुवटीतून रक्त गळत होतं आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

जाळं ओढून घेतलं आणि आम्ही बंदराकडे निघालो. डंबरबहादूरला केबिनच्या आडोशाला बसवलं होतं आणि त्याचा पाय माशांच्या बर्फाच्या टोपलीत ठेवला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. दांडा माझ्या डोक्यावरच होता, पण मी तो धरला नव्हता. का ते कोण जाणे. कदाचित धरायला हातांत जोर राहिला नसेल.

“दुखतंय?” मी विचारलं.

त्याला तो शब्द आला नसावा. आम्ही तो घेतलाच नव्हता. आम्ही फक्त दोर आणि जाळं आणि चाकं घेतली होती. मला रडू यायला लागलं. मी तोंड फिरवलं, पण आवाज आवरेना. मी तिथे बसून हमसून हमसून रडलो, बोटीवरच्या सगळ्या माणसांसमोर. माझ्यामुळे हा माणूस आत्ता तळाशी असता, आणि मला त्याच्याशी बोलता येत नव्हतं.

डंबरबहादूरने माझ्या खांद्यावर थोपटलं. मग तो थांबला. थोडा विचार केल्यासारखा. त्याने बर्फातून पाय बाहेर काढला, सुजलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“गुरुजी, के?” तो म्हणाला. हे काय, असं विचारत होता. त्याला शब्द हवा होता.

मी डोळे पुसले. तोंड उघडलं आणि मिटलं. मग मी माझा पाय पुढे केला, पँट वर सरकवली आणि स्वतःच्या घोट्यावर हात ठेवला.

“घोटा,” मी म्हणालो.

त्याने शब्द परत म्हटला नाही. त्याने नुसती मान हलवली. मग बर्फाने गार पडलेला आपला हात त्याने पुढे केला आणि माझा घोटा धरला. घट्ट धरला. बंदर दिसेपर्यंत सोडला नाही.